दोन हजार सातशे बत्तीस

सावद्याला, केळीच्या रायपनिंग चेंबरमागच्या खोलीत
एक लॅपटॉप रोज दुपारी पावणेतीनला मरायचा.
व्होल्टेज ठीक, बॅटरी ठीक. मे महिना होता.
क्रेटांचा हिशेब अर्ध्यावर, आणि पडदा काळा.

"ड्रायव्हर नवा लिहावा लागेल," मी म्हटलं.
"दिल्लीच्या गाडीवर दोन आहेत की,"
डिगंबरकाका फिरके म्हणाले,
"लिहायचं काय त्यात? फोन नंबर?"

खोलीत एसी नव्हता.
चेंबरच्या दाराखालून जेवढा गारवा सांडायचा
तेवढ्यात पाय ठेवून मी बसले.

सेन्सर म्हणायचा, शून्य.
सकाळी शून्य, जेवणानंतर शून्य,
मांडीवर धरवेना तेव्हाही शून्य.
आणि पंखा त्याच्या भरवशावर झोपलेला.
सुभान तडवीनं पाण्याची बाटली ठेवता ठेवता
लॅपटॉपच्या पोटाखाली पंजा सरकवला,
झटक्यात काढून घेतला.
"ताई, हे खोटं बोलून राह्यलं."

सुभानचा पंजा इथे मापाचा आहे.
घडांत हात घालून तो म्हणतो सतरा,
बोर्डावर सतरा पूर्णांक दोन असतात.
पिकायला लागली की केळी आतून तापतात,
हे मला त्यानंच सांगितलं.
बाहेरचं ऊन कितीही अडवा,
फळाचं स्वतःचं थोडं असतंच.
प्रोसेसरचंही तसंच, मी म्हटलं.
असेल, म्हणाला.

कुठल्यातरी थंड गावात बसून
कोणीतरी लिहिलेला तक्ता मी उलगडत गेले.
खोली पंचवीस अंश, असं धरलेलं.
पंचवीस!
आमच्याकडे ते थंडीतही अकरा वाजेपर्यंत टिकत नाहीत.
मधल्या काळात बोर्ड बदललं,
सेन्सर शेजारच्या पत्त्यावर राहायला गेला,
जुन्या ड्रायव्हरला कोणी कळवलंच नाही.
तो बिचारा सेकंदाला एकदा
रिकाम्या घराचं दार वाजवायचा
आणि घरी कोणी नाही असं न सांगता
शून्य सांगायचा.

नवा पत्ता सापडला रात्री दीडला.
आकडा आला: तीन हजार सहाशे बत्तीस.
घाबरले नाही.
यंत्र केल्विनच्या दशांशांत बोलतं,
त्यातून दोन हजार सातशे बत्तीस वजा करायचे,
उरेल त्याला दहानं भागायचं.
नव्वद.
तेव्हा घाबरले.

मग पंखा सुरू झाला.
आणि बंद. आणि सुरू. आणि बंद.
सत्तरला उठायचा, एकोणसत्तरला निजायचा,
उचकी लागलेल्या पोरासारखा.
सुभान दारात उभा राहून ऐकत होता.
"एकाच आकड्यावर लावलं-काढलं का?
कंप्रेसर असा दोन दिवसात जळते, ताई.
अठराला लावा, सोळाला सोडा.
मधात जागा ठेवा."

या मधातल्या जागेला
आमच्या पुस्तकात लांबलचक परकं नाव होतं,
जळगावला परीक्षेत त्यावर पाच मार्क मिळाले होते मला.
साडेचार. वहीत पाहिलं नंतर.

सत्तरला सुरू. साठला बंद.
आणि वर एक ओळ, जी यंत्र वाचत नाही,
पुढे कोणी माणूस उघडेल त्याच्यासाठी:
हा तक्ता सावद्याचा आहे. बाहेर शेहेचाळीस धरावेत.

दुसऱ्या दिवशी पावणेतीन वाजले.
तीन वाजले.
काकांची बेरीज चुकली,
आणि आज लॅपटॉपचं नाव घेता येईना.
सुभाननं तळाशी पंजा लावला, तसाच ठेवला.
पडद्यावर चौसष्ट होते. त्यानं तिकडे पाहिलंही नाही.
हात पॅन्टला पुसला
आणि चार नंबरच्या दाराकडे गेला,
तिथे कालपासून पिवळं चढायला लागलं होतं.